साबणाचा बुडबुडा

मुलांनो, मळ्यातलं जुनं डिझेल इंजिन अजून चालतं, कारण केदारखेड्याकडून एक मिस्तरी येतात. काम करताना ते माणसांशी फारसं बोलत नाहीत, इंजिनाशी मात्र बोलतात. "थांब माय, दुखंल जरासं," म्हणत पाना लावतात. निघालेले नट, हेडवर म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर जसे होते त्याच मांडणीत, ओल्या चिखलात रोवून ठेवतात.

परवा विहिरीवरची मोटर जळाली आणि मोसंबी गळायला लागली, म्हणून बंद पडलेलं इंजिन सुरू करायला त्यांना बोलावलं. त्यांनी हेड उतरवून खालचं जळालेलं पॅकिंग बदललं आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने कसले. हँडल मारताच इंजिन धडधडलं. पाणी पाटाला लागलं, तसा आमचा सालदार, सालावर ठेवलेला गडी, बागेकडे धावला. मिस्तरींनी तिकडे पाहिलंही नाही. कुठून हवा निसटते का ते बघायला हेडच्या जोडावर त्यांनी साबणाचा फेस लावला. त्यात एक बुडबुडा फुगला आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

सालदार ओरडत परत आला. "मिस्तरी, झाडं वाळून राह्यली अन् तुम्ही बुडबुडे खेळता?"

"मह्याच हातची कसर हाये, मामा. जुन्या पॅकिंगचा कपटा चिकटून राह्यला. पुन्हा खोलावं लागंल."

"आजच्यापुरतं चालू द्या," मीही म्हणाले.

"न्हाई, माई." त्यांनी पहिल्या नटाला पाना लावला.

ऊन उतरल्यावर पाणी पुन्हा सुटलं. "या की, शेवटच्या झाडाला पोचलं!" सालदाराने हाक मारली. मिस्तरी उठले नाहीत. पाण्याकडे पाठ करून, पुन्हा लावलेला फेस एकही बुडबुडा न येता वाळेपर्यंत ते जोडाकडेच बघत बसले होते.