टाळूपर्यंत उजेड

आबांची आणि माझी पहिली भेट धुळ्यातल्या त्यांच्या त्वचारोग दवाखान्यात झाली. मी नुकतीच सहायक डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. डॉ. दिनकरराव, म्हणजे आम्हा सर्वांचे आबा, कपाटाएवढ्या उभ्या अतिनील किरणांच्या यंत्रापाशी एका रुग्णाला काळा चष्मा लावून देत होते. मला म्हणाले, "यांच्याशी बोलत राहा. आत माणसाला एकटं वाटतं." माझे खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

ते रुग्ण म्हणजे दोंडाईच्याचे शिवरामनाना, व्यवसायाने शिंपी. अंगभर सोरायसिसचे लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, तरी लोकांनी त्यांच्याकडे कपडे टाकणे सोडले होते. आबांनी खोटी आशा दाखवली नाही. "मुळापासून जाईल असं म्हणत नाही, पण आटोक्यात येईल," असे त्यांनी आधीच सांगितले होते. नानांची एसटी उशिरा आली, तर आबा जेवायचे थांबत.

हातापायांचे चट्टे फिके पडले, डोक्यावरचे हटेनात. मुलीचे लग्न तोंडावर आलेले नाना काकुळतीने म्हणाले, "आबा, लाईट जरासा वाढाई द्या. पोरनं लगीन जवळ उनं."

"कातडी भाजी जाई, नाना. केस बारीक करी या, मंग उजेड टाळूले लागी."

नानांनी मान खाली घातली. "सलूनवाला हातच लावत नही."

त्या रविवारी आबा मला घेऊन दोंडाईच्याला गेले आणि नानांना सोबत घेऊन सलूनमध्ये शिरले. सलूनवाल्याने अडचण सांगितली, "आबा, मंग मन्हाकडे गिऱ्हाइक येवाव नही." आबांनी वाद घातला नाही. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "आधी नानांचे केस काप. मग त्याच कात्रीने माझे."

नानांच्या डोक्यावर कात्री चालू लागली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्याच खुर्चीत बसून आबा कपाशीच्या भावावर गप्पा मारत राहिले. आबा उठले तेव्हा बाकावर थांबलेल्या एका गिऱ्हाइकाने नानांना विचारले, "सदरा शिवी देशात का?"

लग्नापर्यंत सगळे चट्टे गेले नव्हते. तरी नाना मांडवात उघड्या डोक्याने वावरले, आणि मुलीच्या अंगावरचे पोलके त्यांनी स्वतः शिवलेले होते. थंडीत त्रास आजही डोके वर काढतो. नाना न लाजता उपचारांना येतात.

आबांनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, दृष्टी अशीच स्वच्छ राहो, आणि आम्ही उपचारांत घाई करू तेव्हा आम्हाला "थांबा" म्हणणारा त्यांचा आवाज अनेक वर्षे आमच्या कानी पडो.