सुशीलची फास्ट गिटार

सुशीलच्या जुन्या गिटारची मान बावीस मिलिमीटर जाड होती आणि नव्या गिटारची साडेअठरा. दोन्ही मी स्वतः मोजल्या, व्हर्निअर कॅलिपरने. एकतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त होताना सगळ्यांना शाल-नारळ मिळतो, मी प्रयोगशाळेतला एक जुना व्हर्निअर मागून घेतला. न मोजता बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे.

सुशील रामटेके म्हणजे आमच्या गल्लीतल्या अंजनाबाईंचा मुलगा. वय एकोणपन्नास. इंदोऱ्यात त्याचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक काचेचं काउंटर, त्यामागे एक स्टूल आणि स्टुलावर सुशील. सव्वीस वर्षं मी त्याला एकाच आसनात पाहिलं आहे. डावं कोपर काचेवर टेकलेलं, डाव्या हातात सर्किट, उजव्या हातात सोल्डरिंग गन. पण 'काय करता?' असं कोणी विचारलं की तो दुकानाचं नाव घेत नसे. 'लीड गिटार वाजवतो,' म्हणे.

आणि ते खोटं नव्हतं. वामनरावांच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात तो पंचविशीपासून आहे. वामनराव स्वतः गातात, ऑर्केस्ट्राही त्यांचाच. त्यांनी बांधलेल्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी सगळे थांबतात, फक्त इलेक्ट्रॉनिक पॅडवरचा ताल चालू राहतो आणि त्यावर एकटी गिटार सुसाट धावते. ऑर्केस्ट्रावाले त्या तुकड्याला 'पीस' म्हणतात. तो सुशीलने बसवलेला. अकरा सेकंद, त्र्याण्णव सूर. मोबाइलवर रेकॉर्ड करून, गती कमी करून मी ते मोजलेत. भिवापूर घ्या की काटोल घ्या, लोक येऊन विचारायचे, "तो पळवणारा गिटारवाला आला का?" माणसाचं नाव अकरा सेकंदांवर चालतं याचं मला हसू यायचं. नंतर वाटलं, आमच्यापैकी किती जणांकडे तेवढेसुद्धा आहेत?

यंदा जानेवारीत रामटेकच्या कार्यक्रमात पीस तुटला. ताल पुढे निघून गेला आणि सुशील मागे राहिला. लोक हसले नाहीत, पण टाळ्याही पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जुनी गिटार खांद्याला लटकवून माझ्याकडे आला. सोबत त्याची बायको सरिता.

"मावशी, मले फास्ट गिटार पाहिजे."

"गिटार फास्ट असते का गा? मोटारसायकल आहे का ती?"

"असते न. तुमाले त्यातलं समजत नाही."

"मग समजव. बस आधी."

त्याने समजावलं. वामनरावांनी चौदा एप्रिलपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पीस पूर्वीसारखा बसला तर ठीक, नाही तर तो पीस ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला सौरव वाजवणार. हल्लीच्या कीबोर्डमध्ये गिटारचा आवाजही निघतो. आणि एकदा पीस कीबोर्डवर गेला की लीड गिटारवाल्याला गाडीत बसवून न्यायचं कारणच उरत नाही.

"पण चूक माही नाही मावशी. हे पाहा, मान म्हणजे मुसळ हाय. बोटं वळता वळता ताल निघून जाते. पट्ट्या घासून गेल्या. तारा एवढ्या वर हायेत का दाबता दाबता जीव जाते. आजकालचे पोट्टे वाजवतात त्या गिटारी पाहा, पातळ मान, चपटी पट्टी, तारा खाली. बोट ठेवलं का सूर."

मला हे पटलं. पटावं असंच होतं. कमी अंतर, कमी जोर, म्हणजे कमी वेळ. आठवीतल्या पोरालाही कळेल. मी वही काढून चार गोष्टी लिहून घेतल्या. मानेची जाडी, तारांची उंची, मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची उंची, खालच्या टोकापर्यंत हात पोचायला गिटारच्या अंगात किती खोल खाच आहे ती.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. कुकरची रिंग घ्यायलाही महिनाभर कुरकुरणारी सरिता म्हणाली, "घेऊन टाका एकदाची. जे पाहिजे ते घ्या." माझ्याकडे न बघता म्हणाली.

फेब्रुवारीत आम्ही दोघं सीताबर्डीवरच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. तुलनेसाठी जुनी गिटार सोबत न्यायला मीच सांगितलं होतं. दुकानात हिमानी नावाची मुलगी होती, असेल तेवीस-चोवीस वर्षांची. मी पर्समधून व्हर्निअर काढल्यावर ती जागची उठली.

"मॅम, हे काय?"

"व्हर्निअर. बारावीला होता तुला."

"मॅम, पॉलिशवर ओरखडा आला तर सर मला ओरडतील."

"मी रुमाल मध्ये धरते. मग रुमालाची जाडी वजा करू."

ती सुशीलकडे वळली. "काका, ह्या आंटी नेहमी अशाच आहेत का?"

"आज तं बऱ्या हायेत," सुशील म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

पहिली गिटार तिने काढली ती लाल, टोकदार, बैलाच्या शिंगांसारखी. मान अठरा. सुशीलने खालचा दांडा दाबून पाहिला आणि परत केली. तिचा पूल, म्हणजे तारा जिथे अडकवतात तो ब्रिज, स्प्रिंगांवर तरंगता होता. "एक तार तुटली का साऱ्याच बेसूर होतात. काटोलच्या स्टेजवर लावत बसू का मी?" हिमानीने मान डोलावली. माणसाला यातलं कळतं हे तिला समजलं. मग तिने एक साधी, गडद निळी गिटार आणली. पक्का पूल, चोवीस पट्ट्या, साडेअठराची मान, तारा जुनीच्या निम्म्या उंचीवर. आवाजही दणकट, दुहेरी पिकअपचा, म्हणजे तारांखालच्या चुंबकांच्या जोडीचा.

सुशीलने ती मांडीवर घेतली. आधी संथ काहीतरी वाजवलं, गोड वाजवलं. मग पीस. मी डोळे मिटून ऐकला. त्र्याण्णवातले सत्तरेक आले असतील.

"नवी हाय. हात बसाले वेळ लागंन," तो म्हणाला.

तेवढ्यात हिमानीने जुनी गिटार उचलली. "ही कुणाची? वाजवू का?" उत्तराची वाट न बघता तिने वायर जोडली आणि कुठली तरी इंग्रजी गत वाजवायला सुरुवात केली. काय वाजवली त्या पोरीने! सुशीलच्या पीसपेक्षा वेगात, घासलेल्या पट्ट्यांवर, उंच तारांवर, बावीस मिलिमीटरच्या त्या मुसळावर. एक सूर गळला नाही.

"कडक आहे काका ही!" ती म्हणाली. "ही कशाला बदलता?"

सुशील शर्टाच्या बाहीने निळी गिटार पुसत होता. म्हणाला, "पोट्टीचे हात लहान हायेत. तिले जमते."

लहान हाताला जाड मान अधिक अवघड जाते. हे उलट आहे, साफ उलट. आयुष्यभर मी पोरांना बजावत आले की एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठं आहे ते कळतं. इथे गिटार तीच होती, फक्त हात बदलला होता. प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत पार पडला होता आणि निष्कर्ष समोर होता. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी हिमानीला म्हणाले, "बिल कर."

मी फटकळ आहे म्हणतात. उपप्राचार्यांना तोंडावर मूर्ख म्हटलेली बाई आहे मी. त्या दिवशी गप्प बसले.

पहिला आठवडा बरा गेला. रोज संध्याकाळी सहाला तो दुकान बंद करून माझ्याकडे यायचा, कारण घरी अंजनाबाईंना आवाज सहन होत नाही. मी घड्याळ आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून बसायची. शहात्तर सूर, ऐंशी सूर. एकदा अठ्ठ्याऐंशी झाले आणि सुशीलने मला खुर्चीतून उठवून पेढा भरवला. दुसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा सत्तरवर आला. मग पासष्ट. तो तारांचा नंबर बदलून जाड-बारीक तारा लावून पाहायचा, पट्टा आखूड करायचा, उंची आणखी कमी करायचा. इतकी कमी केली की तारा पट्ट्यांवर खरखरायला लागल्या.

एका संध्याकाळी चहा दिला. त्याने कप डाव्या हातात घेतला तो अंगठा आणि दोन बोटांनी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहातात आकड्यांसारखी वळलेली. "हात इकडे कर," मी म्हणाले. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला लावले. उजव्या हाताला अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये मांसाचा उंचवटा होता. डाव्या हाताला तिथे खड्डा होता. वाटाणा मावेल एवढा. तो बघायला व्हर्निअर लागत नव्हता.

"करंगळीला चिमटा काढते. कळतोय?"

"कळते न," तो म्हणाला. मी अजून चिमटा काढलाच नव्हता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्याला नेलं. त्यांनी हातात सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासलं. कोपराशी नस दबली होती, एका दिवसात नव्हे, वर्षानुवर्षं. सव्वीस वर्षांची ती काच.

"ऑपरेशन केलं तर आहे तेवढं टिकेल," त्या म्हणाल्या. "गेलेले स्नायू परत येण्याची आशा मी देणार नाही. चार वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

मी विचारलं, "आणि महिन्याभरापूर्वी आला असता तर?"

"महिन्याने काही फरक पडला नाही." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं नव्हतं, खरं तेच सांगितलं. तरी मला बरं वाटलं नाही.

सुशीलने एकच प्रश्न विचारला. "मॅडम, एप्रिलपर्यंत होईन का?"

त्यांनी कागदावरून मान वर केली. "कोणत्या एप्रिलपर्यंत?"

तो आत कागदांवर सह्या करत होता तेव्हा बाहेरच्या बाकावर सरिता मला म्हणाली, "दोन वर्षांपहिले सोल्डरनं करंगळी जळली होती त्याईची. वास मले आला मावशी. त्याईले दुखलं नाही."

"मग काहून नाही बोलली वं?"

"बोलून काय झालं असतं? गिटार खराब हाय असं वाटत होतं तोवर जेवत तरी होते."

तिच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वामनराव स्वतः सुशीलच्या घरी आले. वाईट माणूस नाही. स्टुलावर बसून बराच वेळ उन्हाबद्दल बोलले. मग म्हणाले, "सुशील, तू उभा राहा बावा. लोकं तुले पाहाले येतात. आवाज सौरव काढंन. एवढ्या वर्षी उभा राहा, मंग पाहू."

सुशीलने नाही म्हणावं असं मला वाटत होतं. तो "हव" म्हणाला.

चौदा तारखेला संध्याकाळी सहा वाजता मैदानावर अजून ऊन होतं. मी पुढच्या रांगेत, अंजनाबाईंच्या शेजारी. सुशील पांढऱ्या शर्टात, निळी गिटार गळ्यात. गिटारपासून निघालेली वायर सतरंजीखाली जात होती आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर येऊन तशीच पडली होती. पिन उघडी होती. पुढच्या रांगेतून स्पष्ट दिसत होती, पण तिकडे बघणार कोण?

ते गाणं आलं. पहिलं कडवं झालं. सगळे थांबले. पॅडवरचा ताल चालू राहिला. सौरवने मान खाली घातली आणि पीस सुरू झाला. सुशीलचा डावा हात मानेवर वरखाली धावत होता. दोन बोटं नाचत होती, दोन मिटलेली. मी मोजत होते. सवयच आहे. अकरा सेकंद, त्र्याण्णव सूर. एकही चुकला नाही.

शिट्ट्या वाजल्या. मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. "वन्स मोअर" आलं. वामनरावांनी हात वर करून सुशीलकडे बोट दाखवलं आणि पीस पुन्हा वाजला. अंजनाबाई माझा हात दाबून म्हणाल्या, "बरा झाला वं हात त्याचा."

मध्यंतरात तो खाली आला. शर्ट घामाने चिकटला होता. पाण्याची बाटली उजव्या हाताने उघडली, कारण डाव्याने उघडत नाही.

"कसा झाला मावशी?"

शेकडो पोरांना मी तोंडावर नापास म्हटलं आहे.

"अकरा सेकंद," मी म्हणाले. "बरोबर अकरा. दोन्ही वेळा."

तो गळ्यातल्या गिटारकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फास्ट हाय न गिटार."