निमंत्रकाची ओळ

एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली की माझं डोकं फिरतं. घरी दोन डब्यांत साखर दिसली तरी मी ती एका डब्यात ओतते आणि सासूबाईंची बोलणी खाते. ऑफिसात तर एकच कोड सत्तेचाळीस फायलींत होता.

अंधेरीला चकाल्यात आमचं छोटं ऑफिस होतं. लोक आमच्या वेबसाइटवर नावं, तारीख, हॉल भरायचे आणि लग्नाची, मुंजीची, बारशाची पत्रिका तयार व्हायची. हवी तर छापून, हवी तर मोबाइलवर. प्रत्येक पत्रिकेचा एक साचा, म्हणजे एक फाइल. या फायली सांभाळायचे काका, ऑफिसात सगळेच त्यांना तसं म्हणायचे. आयुष्यभर छापखान्यात पत्रिका जुळवलेला माणूस. छापखाना बंद पडला आणि इथे आले. कुणीतरी त्यांना जुनी फाइल कॉपी करून मजकूर बदलायला शिकवलं होतं, आणि ते इमानेइतबारे तेवढंच करत होते. त्यामुळे वरचा गणपती बदलायचा म्हटलं तरी सत्तेचाळीस ठिकाणी बदलावा लागे, आणि दोन-तीन ठिकाणी जुना गणपती हमखास राहून जाई.

"काका, झेरॉक्सचं दुकान काढलंय का?" मी चिडवायचे.

"अगं, प्रत्येकाची पत्रिका वेगळी असते," ते म्हणायचे. वेगळी कसली डोंबलाची, असं मी मनात म्हणायचे.

तीन आठवडे खपून मी सगळं एकत्र केलं. एकच मूळ साचा. त्यात वरचा भाग, मजकूर, खालची निमंत्रकांची नावं असे तुकडे, प्रत्येक तुकडा एकदाच लिहिलेला. फायली शेजारी शेजारी लावायच्या, फरक बघायचा आणि सारख्या निघतील त्या उडवायच्या, असं चाललं होतं. एका फायलीत फरक जेमतेम दोन ओळींचा निघाला. वधूच्या वडिलांचं नाव नव्हतं आणि 'आमची कन्या'च्या जागी 'माझी कन्या' होतं. काका घाईत ओळ गाळून बसले, असं मी परस्पर ठरवलं, फाइल उडवली आणि तिच्यावर केलेल्या पत्रिका मूळ साच्यावर वळवल्या.

त्याच झपाट्यात आणखी एक शहाणपणा केला. फॉर्ममध्ये आम्ही वधूचं पूर्ण नाव घ्यायचो आणि निमंत्रक म्हणून आईच्या नावाबरोबर वडिलांचंही नाव पुन्हा विचारायचो. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव म्हणजे वडिलांचंच. मग तेच दोनदा कशाला? निमंत्रकाची ओळ मी त्या मधल्या नावावरून आपोआप बनवून टाकली: श्री. अमुक व सौ. तमुक. सरांनी खूश होऊन सगळ्यांना समोसे मागवले. "झकास केलंस गं," काकाही म्हणाले.

दोन दिवसांनी घाटकोपरहून एका मुलीचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ती अगदी हळू बोलत होती.

"मॅडम, मी मागच्या आठवड्यात पत्रिका करून ठेवली होती. त्यात फक्त आईचं नाव होतं. आज मी परत न बघताच ती आईला आणि मामांना पाठवली. त्यात माझ्या वडिलांचं नाव आलंय."

"काढून देते ना, दोन मिनिटांचं काम," मी सवयीने म्हटलं.

"मी चार वर्षांची असताना ते घर सोडून गेले. आहेत वसईला, दुसऱ्या संसारात. आईने हॉस्पिटलात आयाचं काम करून मला वाढवलं. पत्रिकेवर तिचं एकटीचं नाव घालू म्हणून मी तीन महिने तिच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे तयार झाली. आता गावाहून मामांचा फोन आलाय, 'बरां झालां, नाव तरी इलां.' आणि आई म्हणतेय, राहू दे, चारचौघांत बरं दिसतं."

पत्रिका संध्याकाळी छपाईला जाणार होती. चूक दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. पण त्या बाईंच्या तोंडी ते 'राहू दे' माझ्यामुळे आलं होतं, आणि ते मला परत घेता येणार नव्हतं.

मी काकांना सगळं सांगितलं. उडवलेली फाइल जुन्या नोंदींत सापडली असतीच, पण मी शोधायच्या आत काकांनी सगळा मजकूर घडाघडा म्हणून दाखवला.

"छापखान्यात एक बाई आल्या होत्या," ते म्हणाले. "मुलीचं लग्न, घरात पुरुषमाणूस नाही. पत्रिका कोणाच्या नावाने काढायची, हेच त्यांना कळेना. मी उभ्या उभ्या मजकूर बसवून दिला. इथे आल्यावर पहिली फाइल मी तीच केली."

"मग मी उडवली तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

ते रागावून बोलले नाहीत, म्हणून जास्तच लागलं. मला माझी लाज वाटली.

केलेलं सगळं मी मोडलं नाही. गणपती, किनार, मुहूर्ताची ओळ हे खरोखरच सगळ्यांचं एक होतं. निमंत्रकाची ओळ मात्र सुटी केली. तिथे रिकामी चौकट ठेवली, तिला श्री., सौ. काहीही आपोआप चिकटणार नाही अशी. 'आमची' की 'माझी', तेही विचारायला लावलं. काका शेजारी खुर्ची ओढून बसले होते, एकेक शब्द तपासत.

मग मुलीला फोन लावला. "आता आईंनाच विचारा. त्या म्हणतील तसं राहील."

पलीकडे बराच वेळ दोघींची कुजबुज चालली. मग मुलगी म्हणाली, "आई स्वतःच टाइप करतेय. तुम्हाला दिसतंय ना तिकडे? बरोबर होतंय का बघा."

माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली. सौ., मग त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. बाईच्या स्वतःच्या नावातही तो माणूस मधोमध बसलेला असतो, हे मला, लग्न झाल्यापासून तसंच नाव लिहिणारीला, त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

थोड्या वेळाने 'सौ.' गेलं. मग मधलं नाव गेलं. मग काहीच हलेना. फोनवर कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या. शेवटी आडनावही गेलं. उरली त्यांच्या नावाची तीन अक्षरं, आणि त्याखाली त्यांनी आपणहून लिहिलं: वधूची आई.

फोनवर आता त्या स्वतः आल्या.

"मॅडम, छापायला टाका," त्या म्हणाल्या. "आणि हे अक्षर जरा मोठं करता येईल का?"