चपलांपाशी

आमच्या घरी सहल पाहुण्यांची असायची, आम्ही नुसते सोबत. लग्नानंतर आई-बाबा यवतमाळकडून पुण्यात आले, बाबा कारखान्यात लागले, वारज्यात दोन खोल्या झाल्या आणि तिकडच्या निम्म्या गावाला पुण्यात हक्काचं घर मिळालं. कुणाची परीक्षा, कुणाचं ॲडमिशन, कुणाला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. रविवार उजाडला की बाबा त्यांना घेऊन खडकवासल्याच्या धरणावर निघणार. बसमध्ये खिडकी पाहुण्यांना, कोवळं कणीसही पाहुण्यांनाच. काठाशी पोचलो की सगळे चपला काढून पाण्याकडे पळायचे आणि बाबा मला म्हणायचे, "तू बस चपलांपाशी."

एकदा कुणाची तरी नवी चप्पल तिथून चोरीला गेली होती, तेव्हापासून ही नेमणूक कायमची. मी एकुलती एक, त्यामुळे बदलीवर माणूस मिळण्याचीही आशा नव्हती. उपडी चप्पल राहिली की घरात भांडण होतं, असं आई सांगायची. म्हणून मी बसल्या बसल्या सगळ्यांच्या चपला सुलट्या करून जोडीनं लावायचे. एकदा मलाही पाण्यात पाय बुडवायचेत म्हणून रडले, तर बाबा म्हणाले, "तुह्यं तं रोजचंच हाय ना पुणं. ते एकदाच येतेत."

रोजचं म्हणजे नक्की कधी, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

आता मी पस्तिशी ओलांडली आहे, कर्वेनगरला राहते, स्वतःची गाडी आहे. मला एकच हवं होतं: एक सकाळ, आम्हा तिघांचीच. दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा त्यांच्या सोसायटीच्या गेटवर आई-बाबांसोबत कुणीतरी हसतमुख उभं. "हे आपल्याच गावचे, धरण पाह्यलं नाही त्याईनं." म्हणून गेल्या रविवारी न कळवता गेले आणि म्हटलं, उठा, निघायचंय. तेवढ्यातही आईनं दहा माणसांच्या तिखट पुऱ्या लाटल्या. एवढ्या कशाला, विचारलं तर म्हणाली, "लागते."

काठावर आम्ही तिघंच बसलो. मनात किती दिवसांचं साठलं होतं. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला इथं खरंच आवडलं का हो कधी?"

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. "पाणी कमी हाय यंदा," म्हणाले.

मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात शेजारच्या कुटुंबातली बाई मुलीवर ओरडली, "काय करून राहिली वं?" बाबांनी कान टवकारले. "कुठले हो तुम्ही?" आमच्या यवतमाळकडच्याच दारव्ह्याचे निघाले. झालं! डबा उघडला, पुऱ्या वाटल्या गेल्या, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंडातून शब्द न काढणारे माझे बाबा उभे राहून हातवारे करत धरण समजावू लागले. त्यांच्या बोलण्याला इथं लोक हसायचे. खड्या आवाजात ते फक्त पाहुण्यांसमोर बोलतात. हे समजतं मला. समजलं म्हणून राग कमी होतो, असं मात्र नाही.

"चला, पाण्याजवळून दाखवतो," बाबा म्हणाले. सगळ्यांनी चपला काढल्या. आईनंसुद्धा. जाता जाता बाबा वळले आणि अगदी सहज, मी आठ वर्षांची असल्यासारखं म्हणाले, "तू बस चपलांपाशी."

तीस वर्षांचं उत्तर तयार होतं. तोंडातून निघालं ते "बरं." ती मंडळी पाण्याकडे गेली, बाबा सगळ्यांत पुढे. डोळ्यांत रागानं पाणी आलं, तरी नजर चपलांवरच. सवय. एकेक जोड सरळ लावत गेले.

बाबांची एक चप्पल उपडी पडली होती. ती मी तशीच ठेवली.