उलाळ भरलेली ट्रॉली

माझ्या नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं बैलगाडी हाकली. गाडीत पुढे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं. अशा गाडीला धुरजड म्हणतात. मागे भार गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. नवरा भार थोडा मागेच ठेवायचा. त्याच्या बैलांची मान कधी सोलली नाही, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

पुढे बैल विकले, जीप आली. मुलगा मुंबईला एका मांडववाल्याकडे गाडीवर होता, जनरेटरची ट्रॉली ओढायचा. तो गावी परतला आणि जीपला हूक बसवून त्याने दोन चाकांची छोटी ट्रॉली आणली.

पालीला आमच्या लेकीचं घर बांधायला काढलं होतं. आमच्या अंगणात जांभ्याचे चिरे उरले होते, ते तिला द्यायचे ठरले. मुलगा ट्रॉलीच्या चाकांसाठी हवेचा पंप मागायला गेला, तेवढ्यात नवऱ्याने शेजारच्या गड्यांना घेऊन ट्रॉली भरली. चिरे सगळे मागच्या फाळक्याला, म्हणजे उघडायच्या फळीला, टेकवून. पुढे नारळ आणि रिकामी पोती.

मुलगा आला. त्याने ट्रॉलीची हुकाला अडकवायची दांडी एका हाताने उचलून बघितली, ती सहज वर आली.

"बाबा, चिरे पुढे घ्यायला हवेत. दांडीवर वजन पाहिजे. नायतर वेगात ट्रॉली शेपूट हलवते."

"मला शिकवतोस? मानेवर भार टाकू नये."

"जीपला मान नाय, बाबा."

"बूड आहे ना? ते बसेल. आणि पालीला आत चढून चिरे कोण काढणार, तुझा मांडववाला?"

गडी हसले. आमच्याकडे बाप समोर असताना मुलगा चारचौघांत वाद घालत नाही. त्याने चाकांत हवा भरली, हूक निसटलाच तर म्हणून साखळी अडकवली, मागचे दिवे लागतात का बघितले आणि मला म्हणाला, "सावकाश नेतो, आई. काय होत नाय." मी मागच्या बाकावर बसले, नवरा पुढे त्याच्या शेजारी.

हातखंब्यापर्यंत तो खरंच सावकाश होता. मागून ट्रक भोंगे मारत होते.

"माझे बैल बरे होते," नवरा म्हणाला.

"मग बैलांनाच आणायचं होतंत," मुलगा म्हणाला, पण हसून.

पुढे नवा रुंद रस्ता आणि लांब उतार लागला. त्याने गिअर खाली घेतला, तरी मागचं वजन जीपला ढकलू लागलं. एक टँकर अगदी जवळून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रॉली एकदा डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग दर वेळी जास्त. जीपचं मागचं अंग तिच्याबरोबर हलत होतं. मुलाने ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वर घेतला. "कोणी कशाला हात लावू नका," तो ओरडला.

नवऱ्याने बैलांचा कासरा खेचावा तसा दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला.

जीप आडवी झाली, ट्रॉलीने तिला मारलं आणि जीप मुलाच्या बाजूवर पडली. चिरे सगळ्या रस्त्यावर पसरले. साखळी तुटली नव्हती. माझ्या खांद्याचं हाड मोडलं. नवऱ्याला खरचटलं. मुलाला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो शुद्धीवर होता, पण बोलला नाही. संध्याकाळच्या आत गेला.

भेटायला येणारे म्हणायचे, नशिबात होतं. मी म्हणायचे, नशिबात नव्हतं, चिरे मागे होते. बायका एकमेकींकडे बघायच्या. जावेने मला आत नेऊन सांगितलं, "वहिनी, तो बापमाणूस आहे, त्याच्यादेखत तरी बोलू नका." मी बोलत राहिले. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या दारात ट्रॉल्या होत्या.

दिवसकार्य झाल्यावर घर रिकामं झालं. आम्ही दोघं जेवत होतो. नवऱ्याने मान वर न करता विचारलं, "मी ओढला नसता, तर वाचला असता काय गो?"

मी म्हटलं, "चिरे पुढे असते तर नक्की वाचला असता. ब्रेक ओढला नसतास तरी बहुतेक."

त्याने पानातला भात संपवला. पुन्हा विचारलं नाही.