बैठकीतली सतरा फुटी होडी

ज्या घरात होडी बांधली जाते, त्या घरात लाकडाचा भुसा आणि किस्से या दोन गोष्टी रोज साचतात. भुसा मी सकाळ-संध्याकाळ झाडून काढते. किस्से झाडता येत नाहीत. येणारा प्रत्येक जण आणखी एक टाकून जातो. गेल्या वर्षभरात ते इतके झाले आहेत की भिशीच्या दिवशी मैत्रिणी चहाच्या आधी तेच मागतात. म्हणून जे आठवतात ते क्रमाने सांगते.

आमचे घर फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून पाच मिनिटांवर. हे दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. एके दिवशी त्यांनी मोबाइलवर कोणा परदेशी गृहस्थाला घरच्या घरी कयाक बांधताना पाहिले. कयाक म्हणजे एका माणसाने बसून दुहेरी वल्ह्याने चालवायची अरुंद, वरून झाकलेली होडी. लाकडाच्या पातळ पट्ट्या साच्यांवर कडेला कड चिकटवून ती तयार होते.

ह्यांचे बालपण शिप्रा नदीपासून दहा मिनिटांवर गेले, परंतु सासूबाईंनी त्यांना राम घाटाच्या शेवटच्या पायरीच्या पुढे कधी उतरू दिले नाही. तेव्हा हे मला म्हणाले, "चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो. आता मला कोण अडवणार?"

मी म्हटले, "मी आहे ना."

*

अडवले मात्र नाही. अट घातली, आणि ती कागदावर घेतली. तोंडी शब्दावर माझा विश्वास नसण्याचे कारण आमच्या मागच्या व्हरांड्यात उभे आहे. ते एक टेबल आहे, आणि अकरा वर्षांपासून त्याला तीनच पाय आहेत.

कागदावर ह्यांच्या हस्ताक्षरात असे आहे: "महालक्ष्म्या येण्यापूर्वी बैठकीची खोली रिकामी करून देईन. तसे न झाल्यास होडी मधोमध कापून तिची पुस्तकांची दोन कपाटे करवून घेईन." खाली सही. कागद देवघराच्या खणात ठेवला. बैठकीच्या पूर्वेकडच्या भिंतीशी आमच्या महालक्ष्म्या बसतात आणि त्या माझ्या लग्नानंतर कधी दुसरीकडे बसलेल्या नाहीत, हे ह्यांना ठाऊक होते. त्यांनी सही करताना चष्माही मागितला नाही.

*

होडी पूर्ण झाल्यावर ती दारातून निघणार कशी, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. आपल्यालाच सुचला अशा चेहऱ्याने विचारतो.

पहिली पट्टी घरात येण्यापूर्वी मी सतरा फुटांचा बांबू मागवला होता. तो बैठकीतून बाहेर काढून दाखवा, मग लाकूड आणा, असे सांगितले. पहिल्या खेपेस बांबू दारातून निघून अंगण ओलांडून थेट गल्लीत गेला आणि एका टेम्पोसमोर आडवा झाला. टेम्पोवाल्याने विचारले, "अंकल, ये कौन सा नाका है?"

दुसऱ्या खेपेस खिडकीकडून तिरका वळवला, तेव्हा तो नीट निघाला. मी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. ती खूण अजून आहे.

*

पट्ट्या कापून देण्यासाठी रामप्रसाद मिस्त्री यायचे. तीस वर्षांपासून आमच्या घरची सगळी सुतारकामे त्यांच्याकडे आहेत. त्या टेबलाचा चौथा पाय सोडून, कारण तो "मी स्वतः बसवीन" असे ह्यांनी सांगितले होते.

मिस्त्रींनी पाव इंच जाडीची देवदाराची पट्टी उजेडात धरली, वाकवून पाहिली आणि म्हणाले, "बाबूजी, ये नाव है कि पापड़?"

ह्यांनी त्यांना समजावले की पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, वरून काचेच्या तंतूंचे कापड आणि राळ चढली की ते कवच फार मजबूत होते. मिस्त्रींनी ऐकून घेतले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "माताजी, बाबूजी को तैरना आता है?"

मी सांगितले, "नाही."

त्या दिवसापासून मिस्त्री प्रत्येक पट्टी दोनदा तपासू लागले.

*

राळ दोन द्रव मिसळून करायची असते आणि मिसळल्यावर ती पसरट भांड्यात ओतावी लागते. खोल भांड्यात ठेवली तर आपोआप तापते आणि दगड होते. ही सूचना डब्यावर स्पष्ट छापलेली होती. मी वाचून दाखवलीही होती.

ह्यांनी ती माझ्या श्रीखंडाच्या वाटीत कालवली आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. परत आले तेव्हा वाटीतून धूर निघत होता आणि चमचा मध्ये ताठ उभा होता. तो अद्याप निघालेला नाही. मी ती वाटी वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला अडसर म्हणून लावते. पाहुणे वाकून विचारतात की हे काय आहे. मी सांगते, श्रीखंडाची वाटी.

*

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी होडी घासून गुळगुळीत झालेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कापड आणि राळ चढायची होती. कोऱ्या लाकडाला कोणी हात लावू नये म्हणून मी वर चादर घातली आणि बायकांना आतल्या खोलीत बसवले.

माझी धाकटी जाऊ कुंदा नानाखेड्याला राहते. ती उशिरा आली आणि बैठकीतूनच आत शिरली. आपल्याकडे नवी गाडी आली की पहिल्यांदा काय करतात, ते तिने केले. चादर बाजूला सारली आणि होडीच्या नाकावर ओले हळदीकुंकू लावले. वर नमस्कारही केला.

ह्यांनी दोन दिवस घासले. हळद गेली, कुंकू लाकडात उतरले होते. अधिक घासले असते तर पट्टीला भोक पडले असते. कुंदा रडवेली झाली. हे स्टुलावर बसून त्या डागाकडे बघत राहिले. तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी निरखून पाहिले आणि म्हणाले, "रहने दो बाबूजी. टीका लग गया, अब नहीं डूबेगी."

राळ चढल्यावर ते कुंकू पूर्वीपेक्षा दुप्पट लाल झाले. आता कोणी विचारले तर हे सांगतात, "डिझाइन आहे."

*

आषाढात होडीतले आसन बसवून झाले. पाण्यात उतरण्यापूर्वी जमिनीवर सराव व्हावा, असा माझा आग्रह होता. ह्यांनी केशरी लाइफ जॅकेट घातले, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या होडीत जाऊन बसले आणि वल्हे मारू लागले. मी घड्याळ लावून समोर बसले. नेमका त्याच वेळी गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात आला.

त्याने सिलिंडर खाली ठेवला, थोडा वेळ पाहिले आणि अदबीने म्हणाला, "बाबूजी, आज नल का दिन नहीं है. पानी कल आएगा."

*

आता जो किस्सा सांगायचा आहे, त्याच्यासाठी आमच्या घरची एक रीत सांगणे आवश्यक आहे.

आवाहनाच्या दिवशी मुखवटे तबकात घेऊन घरातली थोरली सून पुढे चालते आणि महालक्ष्मीला घर दाखवते. धाकटी मागून थाळी वाजवत प्रत्येक जागी विचारते, "इथे काय आहे?" थोरलीने जे असेल ते खरे सांगायचे. त्यावर धाकटी म्हणते, "उदंड असो." जे महालक्ष्मीला दाखवले, ते पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांपर्यंत घराबाहेर जात नाही आणि त्याला कोणी हत्यार लावत नाही. सासूबाईंनी यात कधी सूट दिली नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मी भांबावून भंगारात काढलेल्या मोडक्या स्टुलासमोर थांबले. प्रश्न आला. मी खरे सांगितले, "स्टूल." ते स्टूल वर्षभर घरात राहिले. दिवाळीत त्यावरून माझे वडील पडले. सासूबाई म्हणाल्या, "दाखवताना विचार करायला हवा होता."

तेव्हापासून मी आठ जागा ठरवून ठेवल्या आहेत. त्यांत कधी एक कमी नाही, एक जास्त नाही.

*

यंदा भाद्रपदात झड लागली. हवेत इतका ओलावा होता की होडीवरचा व्हार्निशचा शेवटचा हात सुकेचना. बोट लावले तर ठसा उमटे. अंगणात काढावी तर वरून पाऊस. हे रोज सकाळी उठून बोटाने तपासत आणि हात पुसत.

आवाहनाच्या आदल्या दिवशी त्यांनी देवघराच्या खणातून स्वतःच कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "उद्या मिस्त्रींना बोलावले आहे. करवत घेऊन."

मी विचारले, "इतकी घाई का?"

"सही माझी आहे," ते म्हणाले, आणि पुस्तके कोणती कुठल्या कपाटात ठेवायची ते विचारू लागले. मी सांगितले, शब्दकोश खाली.

दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या भिंतीशी जेमतेम तीन हात जागा होती. मी तेवढ्यात चौरंग मांडला. कुंकवाची पावले दारापासून काढत आणली, ती होडीला वळसा घालून गेली. मिस्त्री पिशवीत करवत घेऊन ओसरीवर येऊन बसले होते. हे त्यांच्याशेजारी बसले होते.

मी तबक उचलले. स्वयंपाकघर, धान्याची कोठी, कपाट, देवघर, सगळे रीतीप्रमाणे झाले. आठवी जागा झाली आणि कुंदा थाळी वाजवत चौरंगाकडे निघाली. मी निघाले नाही. मी होडीच्या नाकाशी, त्या लाल कुंकवासमोर उभी राहिले.

कुंदा मागे वळली. "वहिनी, आठ झाल्या."

मी म्हटले, "विचार."

तिने ओसरीकडे पाहिले. हे उठून दारात आले होते. मिस्त्रीही उठले होते.

"इथे काय आहे?" कुंदाने विचारले.

वर्षभर मी त्या वस्तूला घरात 'सामान' म्हणत आले होते.

"होडी," मी सांगितले.

कुंदाने थाळी वाजवली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "उदंड असो."

दारातून ह्यांनी हळूच विचारले, "उदंड म्हणजे किती?"