फ्रेम खोक्यात, जीव टांगणीला

सायकलच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकामे खोके आणि किस्से. खोके भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्याच डोक्यात पडून असतात आणि नेमके नको त्या वेळी बाहेर येतात.

केबिन रोडच्या एका गल्लीत आमचं दुकान. मालक जिग्नेशभाई. विक्री ते बघतात, बाहेरगावी जाणाऱ्या सायकली पॅक मी करतो. स्वभावाने मी पक्का घाबरट. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून पेणकरपाड्याला घरी परत जाणारा माणूस!

त्यात नवरात्राच्या तोंडावर माझी भाची स्नेहल सायकलिंगच्या कॅम्पला नांदेडला गेलेली. शेवटच्या दिवशी शर्यत, त्यातून राज्याची टीम निवडणार. आणि त्याच आठवड्यात तिचा फोन, "मामा, फ्रेमला तडा गेला रे!" रडत होती पोरगी. जिग्नेशभाईंनी स्वतःची रेसिंगची फ्रेम भिंतीवरून काढली आणि माझ्या हातात दिली. "भेज दे. बाकी पार्ट तिच्याकडे आहेत ना? बस."

बस काय बस! फ्रेम वाकडी होऊन पोचली तर पोरीची सगळी मेहनत पाण्यात. मी पॅक करायला बसलो आणि एकेक जुना किस्सा आठवायला लागला.

*

पहिलं काम म्हणजे मागचं चाक बसतं त्या जागी लाकडी ठोकळा घालायचा. चाक नसलं की तिथे पोकळी राहते, वरून दाब आला की दोन्ही दांड्या जवळ येतात.

आमचे एक बँकेतले साहेब. मुलाला बंगळुरूला सायकल पाठवायची होती. "पॅकिंगला काय डोकं लागतं?" म्हणत घरीच बांधली. ठोकळा नाही, काही नाही. मग एक दिवस दुकानात येऊन माझ्यावरच चढले, "चाक कसलं दिलंत? प्रवासात फुगलं! बसतच नाहीये."

मी म्हटलं, "साहेब, चाक होतं तेवढंच आहे. फ्रेम दबलीय."

"मला शिकवू नका. मुलगापण तिकडे जाऊन जाड झालाय. हवाच तशी आहे!"

मी स्नेहलच्या फ्रेममध्ये ठोकळा घातला. मग काढून, मोजून परत घातला.

*

पॅडल पाठवायचं नव्हतं, तेवढी एक काळजी कमी. पण आठवण कुठे ऐकते?

डाव्या बाजूचं पॅडल उलटं फिरवून सुटतं. हे आमच्या एका जिमवाल्या गिऱ्हाइकाला सांगितलं तर म्हणाला, "ताकद लावली की सगळं सुटतं." लावली ताकद. पॅडल असं घट्ट बसलं की सायकल पॅडलसकट खोक्यात घालावी लागली. प्रवासात पॅडल पुठ्ठा फाडून बाहेर!

पार्सल पोचलं तेव्हा डिलिव्हरीवाल्याने त्या पॅडलला स्वतःचा जेवणाचा डबा लटकवला होता. वर म्हणाला, "बढिया है. ऐसा हूक सब पार्सल को लगाओ ना!"

*

मग फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या पाइपवरचा काळा फोम, त्यावर बबल रॅप आणि खोक्यातल्या रिकाम्या जागी जुने कपडे. खोक्यात काही हलता कामा नये.

एका काकूंना ही रिकामी जागा बघवेना. "एवढी जागा फुकट जातेय?" मी चहाला गेलो तेवढ्यात त्यांनी आत मुलासाठी लोणच्याची बरणी घातली. काचेची! पुण्याला खोका उघडला तेव्हा फ्रेमला खारापासून मोहरीपर्यंत सगळं लागलेलं. मुलगा फोनवर ओरडतोय, मी माफी मागतोय, आणि काकू शांतपणे फोन घेऊन विचारतायत, "फ्रेमचं राहू दे रे. वरच्या फोडी तरी खाण्यासारख्या आहेत का?"

तेव्हापासून खोका उघडा असताना मी चहाला जात नाही.

*

बाणाचा किस्सा तर विसरताच येत नाही. 'ही बाजू वर' म्हणून आम्ही खोक्यावर मोठ्ठा बाण काढतो. एकदा मीच गोडाऊनला गेलो तर आमचा खोका डोक्यावर उभा. मी हमालाला म्हटलं, "अरे भाई, ये तीर नहीं दिखता?"

"दिखता है ना साहब. तीर जमीन की तरफ है, इसलिए जमीन पे रखा!"

आता ह्याला काय सांगणार? कपाळावर हात मारून घेतला. माझ्याच, त्याच्या नाही!

*

तर स्नेहलचा खोका बंद केला, टेप मारली, लाल स्टिकर लावले. दाराशी भोईर काका टेम्पो घेऊन उभे. इथल्याच जुन्या गावातला माणूस, आमचं सगळं पार्सल तेच पोचवतात. म्हटलं, निघाल्याचं स्नेहलला कळवू या, तर मोबाइल सापडेना. जिग्नेशभाईंनी रिंग दिली. खोका वाजायला लागला!

"तुला पण जायचं होतं काय नांदेडला?" जिग्नेशभाई हसतायत, मला घाम फुटलाय. परत खोका कापला. फोन बाहेर आला, पण स्टिकर फाटले, आणि दुकानातले तेवढेच होते.

भोईर काका म्हणाले, "स्टिकर कशाला पायजे? ते बघून लोक वर बसतान, मजबूत हाय का बघायला. दे तो मार्कर." आणि त्यांनी खोक्यावर चारी बाजूंनी ठळक लिहिलं, 'मूर्ती. सांभाळून.'

"काका, हे खोटं आहे!"

"कोनाची मूर्ती ते लिवलाय का? न्हाय ना? मंग खोटा कसा?"

टेम्पो गेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

शर्यतीच्या आदल्या दिवशी स्नेहलचा फोन आला. "मामा, खोक्यावर काय लिहिलंस तू? पार्सल आलंय, पण हे लोक देत नाहीयेत!"

तिकडच्या कुरियर ऑफिसात बाकीचं सामान जमिनीवर आपटलेलं, आणि आमचा खोका मॅनेजरच्या टेबलावर, खाली नवं कापड, समोर उदबत्ती. मॅनेजर म्हणत होते, "ताई, आज सर्वपित्री अमावास्या. देवी आज दाराबाहेर कशी काढू? उद्या घट बसतात, उद्या न्या."

"उद्या सकाळीच शर्यत आहे मामा! खरं सांगून टाकू?"

खरं सांगितलं आणि ह्यांनी रागाने खोका फेकला तर? नाही सांगितलं तर शर्यत हुकणार. शेवटी तिने हात जोडले आणि मॅनेजर पहाटे ऑफिस उघडायला कबूल झाले.

पहाटे मी तिला फोन चालूच ठेवायला सांगितलं. कॅम्पचा मेकॅनिक पाने आणि चाकं घेऊन तिच्याबरोबर होता. मॅनेजर आले ते आंघोळ करून, बायकोला घेऊन, स्नेहल हळूच सांगत होती. वहिनींच्या हातात आरतीचं ताट, वर खण आणि नारळ. "दर्शन घेतल्याशिवाय आम्ही सोडणार नाही," वहिनी म्हणाल्या.

मग टेप फाटल्याचा आवाज. बबल रॅप सुटल्याचा आवाज. मग काहीच नाही. कोणी बोलेचना! फ्रेम वाकली? की हे लोक चिडले?

तेवढ्यात मॅनेजरांचा आवाज आला, "ताई, ही कुठली मूर्ती?"

स्नेहल हुंदके देत म्हणाली, "काका, माफ करा. माझी शर्यत आहे. आत्ता, थोड्या वेळात."

मी डोळे मिटून घेतले.

मग वहिनी कडाडल्या, "अहो, बघत काय उभे राहिलात? पोरीला उशीर होतोय. ते चाक धरा आधी!"

फोन कट झाला. त्यानंतर माझी सकाळ कशी गेली ते माझं मला माहीत. दुकानात तीच ती पान्यांची पेटी उघडत होतो, बंद करत होतो. जिग्नेशभाईसुद्धा चहा घेईनात. उन्हं वर आल्यावर एकदाचा फोन वाजला. पलीकडे नुसता गोंगाट, आणि त्यात स्नेहल धापा टाकत ओरडतेय,

"मामा, झालं सिलेक्शन! फ्रेम एकदम सरळ! पण मॅनेजरकाकूंनी सायकलची ओटी भरलीय. आता हा नारळ पॅक कसा करायचा?"